ऐकलेलं पाणी

आमच्या गिर्यारोहण मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे, आणि तिच्यात भाऊसाहेबांवर मी लिहायचं असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मंडळाच्या चिटणीस बाईंनी ठरवलं. वय तिशीच्या आत, बोलणं लाघवी, नकार ऐकायची सवय नाही. "काका, हलकंफुलकं लिहा हं. दोन पानं पुरेत. आणि तुम्ही सांगता तो टाक्याचा किस्सा पाहिजेच पाहिजे!"

तो किस्सा मी खरंच छान सांगतो. नऊ वर्षं सांगतो आहे. वर्धापनदिनाला सांगितला, लग्नाच्या पंगतींत सांगितला, एकदा तर रामकुंडावर कुणाच्या तरी दहाव्याला सांगितला, गुरुजींना यायला उशीर होता म्हणून. तिथेही लोक हसले, फक्त तोंडावर रुमाल धरून. किस्सा थोडक्यात असा: एका माणसाने तीन वर्षं खपून सातमाळा डोंगररांगेवरच्या बारा दिवसांच्या पायी मोहिमेचा आराखडा केला, त्यात दात घासायच्या ब्रशचंसुद्धा वजन धरलं, आणि पाणी धरायचं विसरला.

यातलं ब्रशचं खरं आहे. पाण्याचं खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे. भाऊसाहेब सत्त्याहत्तर वर्षांचे, मी एकाहत्तर. दोघांपैकी कुणीही आधी गेलं तरी किस्सा तेवढा मागे राहील. म्हणून दोन पानांपेक्षा जास्त लिहितो आहे.

भाऊसाहेब पाटबंधारे खात्यात आरेखक होते. हयातभर साहेब लोकांच्या कालव्यांच्या रेघा मारल्या. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, देवळाच्या विश्वस्त मंडळावर जातात, नाहीतर आमच्यासारखी सकाळी नदीकाठी चार फेऱ्या मारून सरकारला शिव्या देतात. यांनी डोंगर हाती घेतला. डोंगर चढायचा म्हणजे वर जायचं आणि खाली यायचं, असा माझा साधा समज होता. भाऊसाहेबांच्या मते ते सर्वांत शेवटचं आणि सर्वांत कमी महत्त्वाचं काम. त्याआधी दोन-तीन वर्षं कागदावर चालावं लागतं.

नाशिकला पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं. जमिनीवर सातमाळा होता. हातगडापासून अंकाईपर्यंतची अख्खी रांग, आठ नकाशे एकमेकांना जोडून फरशीवर चिकटवलेली आणि वर जाड प्लॅस्टिक. दर गुरुवारी संध्याकाळी मंडळाची बैठक तिथे असे. आम्ही भिंतीला पाठ लावून बसायचो आणि भाऊसाहेब गुडघ्यांवर रांगत डोंगरातून फिरायचे. पहिल्याच दिवशी मी आत पाऊल टाकलं तर ओरडले, "अहो, अहो! धोडपवर उभे आहात तुम्ही!" मी दचकून बाजूला झालो. "आता दरीत गेलात," ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी टिपलं.

वहिनी मात्र चहाचा ट्रे घेऊन सप्तशृंगीवरून थेट चांदवडला उतरायच्या. त्यांना कधी कुणी अडवलं नाही.

मी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणून ते मला 'बँकवाले' म्हणायचे. नाव त्यांना ठाऊक असेल, पण ते उच्चारायला जास्त वेळ लागतो असं त्यांचं म्हणणं असावं. सराफ बाजारातून त्यांनी सोनाराचा एक जुना काटा आणला होता आणि त्यावर आमचं सगळं सामान तोललं जायचं. खारका बिया काढून न्यायच्या, कारण बी खाल्ली जात नाही, ती नुसती डोंगर बघून परत येते. टॉवेल अर्धा कापायचा. ब्रशची दांडी अर्धी कापायची. एकदा मी वाकलो असताना त्यांनी माझ्या बनियनचं मानेवरचं लेबल, मी बनियन घातलेलं असताना, कात्रीने कापलं.

"भाऊसाहेब, एक ग्रॅम असेल ते!"

"पाऊण."

"माझं स्वतःचं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे."

"त्याचा विचार तुम्ही जेवताना करायचा. मी कुठंकुठं बघू?"

रविवारी सकाळी सराव. पाठीवरच्या पिशवीत बारा किलो ज्वारी भरायची आणि पंचवटी ते नाशिकमधलाच द्वारका चौक चालत जाऊन यायचं. तिथली वाहनं चुकवून तो चौक ओलांडणं हा सबंध मोहिमेतला सर्वांत जोखमीचा टप्पा आहे आणि तो जमला की धोडपच्या कड्याचं काही वाटत नाही, असं ते गंभीरपणे सांगत. एकदा तिथल्या वाहतूक पोलिसाने आमची ती अवजड वरात थांबवली.

"बाबा, सामान घेऊन कुठं निघाले?"

"नांदगावला," भाऊसाहेब म्हणाले.

"मग बस तिकडनं मिळंल की."

"चालत. हातगडवरून."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. घरी आल्यावर वहिनी तीच ज्वारी दळणाला टाकायच्या. "फिरवून आणलेली आहे," त्या म्हणायच्या, "पचायला हलकी."

नांदगावच का, असं मीही विचारलं होतं. सातमाळा अंकाईला संपतो हे शाळकरी पोरही सांगेल. भाऊसाहेबांच्या मते तो तिथे संपत नाही, खाली बसतो, आणि बसलेल्या माणसाला गेलेला समजायचं नसतं. म्हणून बारावा दिवस नांदगाव स्टेशनपर्यंत. आणि मोहीम माघातच, कारण तोवर गवत वाळून आडवं होतं, वाट दिसते, थंडी सरलेली असते आणि ऊन अजून पेटलेलं नसतं. अडचण एकच. माघात डोंगरावर पाण्याची खात्री नसते.

त्यासाठी त्यांची ती वही होती. लांबट, कापडी बांधणीची. रांगेवरची एकवीस पाण्याची ठिकाणं तिच्यात होती: विहिरी, झरे, किल्ल्यांवरची कातळात कोरलेली टाकी. प्रत्येक ठिकाणापुढे दोन रकाने. एक 'पाहिलं', दुसरा 'ऐकलं'. मोहिमेच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच माघ महिन्यात, आमच्यापैकी कुणीतरी त्या जागी स्वतः जायचं. ओंजळभर पाणी तिथेच प्यायचं. अर्धा लिटरची बाटली भरायची आणि भाऊसाहेबांना आणून द्यायची. मगच 'पाहिलं'मध्ये नोंद. गावकऱ्याने सांगितलं, गुराख्याने सांगितलं, पुस्तकात छापलं आहे, ते सगळं 'ऐकलं'. आणि जे ठिकाण 'ऐकलं'मध्ये आहे तिथे पाणी नाहीच असं धरून पाठीवर पाणी न्यायचं.

"ऐकलेलं पाणी पिता येत नाही," हे त्यांचं वाक्य. दर गुरुवारी एकदा तरी यायचंच. आम्ही ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो, जिना उतरताना.

माझ्या वाट्याला तीन ठिकाणं आली. दोन विहिरी रस्त्याच्या कडेच्या होत्या, त्या मी स्कूटरवरून पाहिल्या. तिसरं एका किल्ल्यावरचं टाकं. किल्ल्याचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

सकाळच्या एसटीने पायथ्याच्या गावात उतरलो. फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एक हॉटेल होतं, म्हणजे चहा, भजी आणि एक टीव्ही. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. वर जायला अडीच तास लागतात असं वहीत लिहिलेलं होतं. मी चहा मागवला. मग भजी मागवली. आपल्या दोन विकेट गेल्या तेव्हा मी हॉटेलवाल्याला विचारलं, "वर टाक्यात पाणी आहे का हो?"

"हाय की," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "लय हाय."

"पिण्यासारखं?"

"ग्वाड एकदम. देवाचं टाकं हाय त्ये."

तिसरी विकेट गेली. मग एक भागीदारी जमली, आणि भागीदारी जमलेली असताना उठणं हे देशाच्या दृष्टीने बरं नव्हे. एवढा विचार मी केला. दुपारी दीडची परतीची एसटी होती. मी बाटली हॉटेलच्या रांजणातून भरून घेतली. अगदीच नितळ दिसायला लागली तेव्हा अंगणातली चिमूटभर माती आत टाकून हलवली. खोटे कागद ओळखण्यात माझी पस्तीस वर्षं गेली होती. एक तयार करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी ती बाटली उजेडात धरली, तळाचा गाळ पाहिला, थोडं पाणी उकळून निववलं आणि घोट घेतला. डोळे मिटले. "कातळ लागतो बघा जिभेला," ते म्हणाले. "पावसाचं पाणी दगडात मुरल्याशिवाय ही चव येत नाही." मी मान डोलावली. जिन्यात आल्यावर इतका हसलो की कठड्याला धरून उभं राहावं लागलं. एवढा चांगला विनोद, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

वहीत 'पाहिलं'च्या रकान्यात माझी सही झाली.

पुढच्या माघात आम्ही नऊ जण निघालो. पहिले तीन दिवस आराखड्याप्रमाणे इतके बरोबर गेले की कंटाळा आला. बारा वाजून दहा मिनिटांनी उंबर लागेल म्हणाले की लागायचा. चौथा दिवस सबंध डोंगराच्या धारेवरचा. वाटेत गाव नाही, झरा नाही, आणि दिवसाच्या शेवटी ते टाकं. पाणी म्हणजे वजन, आणि टाकं 'पाहिलेलं' होतं, म्हणून माणशी दोनच लिटर घेतलं होतं. 'ऐकलं'मध्ये असतं तर पाच घेतलं असतं. हे गणित भाऊसाहेबांनी वहीत मांडलेलं आहे, आजही वाचता येतं.

अडीच वाजता पोचलो. टाक्यात खाली उतरायला कोरलेल्या पायऱ्या आहेत. त्या सगळ्या कोरड्या होत्या. तळाला भेगाळलेला चिखल, त्यावर एक सरडा आणि वेफर्सचा कागद. भाऊसाहेब शेवटच्या पायरीपर्यंत उतरले, चिखलावर तळवा ठेवला आणि तिथूनच वर माझ्याकडे पाहिलं.

"बँकवाले, इथंच होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "भरपूर होतं."

पहिल्या खोट्याला निदान माती लागली होती. दुसऱ्याला काहीच लागलं नाही.

आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे हेडसर म्हणायचे. त्यांनी स्वतःकडचं उरलेलं पाणी दुपारीच एका थकलेल्या बाईंना देऊन टाकलं होतं, कारण टाकं तासाभरावर आलं होतं. उतरताना अर्ध्या वाटेत ते खाली बसले आणि असंबद्ध बोलायला लागले. नंतर बोलायचेही थांबले. दोन जण गावात धावत गेले, माणसं आणि पाणी घेऊन वर आले, आणि चादरीची झोळी करून हेडसरांना खाली आणलं. झोळीला खांदा देणाऱ्यांत तो हॉटेलवाला होता. मी त्याच्या बाजूने चालत हळूच म्हणालो, "अहो, तुम्ही तर पाणी आहे म्हणाला होतात."

"व्हतं ना. दसऱ्याला व्हतं," तो धापा टाकत म्हणाला. "आख्खा गाव दसऱ्यालाच जातो वर, शिलंगणाला. बाकी कोन कडमडायला जातंय? तुमी तर बगून येनार व्हते ना?"

मोहीम तिथेच संपली. हेडसर तीन आठवडे दवाखान्यात होते. वाचले, पण मूत्रपिंडं अधू झाली. तेव्हापासून त्यांना दिवसाचं पाणी डॉक्टरांनी आखून दिलेलं आहे, तेवढंच प्यायचं.

मग मंडळाची बैठक झाली. कुणीतरी विचारलं, "टाकं पाहिलं कुणी होतं?" मी तोंड उघडण्याआधी भाऊसाहेब उभे राहिले. "यांनी पाहिलं होतं. पाणी होतं, मी स्वतः चाखलंय. वर्षभरात टाक्याला भेग पडली असणार. पाणी कितव्या पायरीपर्यंत आहे ते मोजून आणा असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. यात बँकवाल्यांचा काही दोष नाही, चूक माझी."

समोर पोहे होते. मी पोहे खाल्ले.

आराखडे करायचं काम त्यांच्याकडून काढून घ्यावं असा ठराव झाला. ते माझ्याकडे आलं. माझ्या मोहिमांत कधी कुणी तहानलेलं राहिलं नाही. आम्ही गाडीने पायथ्याच्या रिसॉर्टपर्यंत जातो, बाटल्यांचे खोके गाडीत असतात, डोंगराबरोबर फोटो काढतो आणि जेवतो.

भाऊसाहेब मात्र त्या टाक्याच्या मागे लागले. सहा वर्षं, दर महिन्याला, पहाटेच्या एसटीने जायचे. गाठी मारलेली दोरी सोडून पाणी मोजायचे. पाण्यात नीळ कालवून ती खालच्या कातळातून कुठे पाझरते का ते दिवसभर बघत बसायचे. एका उन्हाळ्यात चुना नेऊन तळाच्या सगळ्या बारीक रेघा बुजवल्या. पावसाळ्यात टाकं भरायचं, आणि पौष संपता संपता पुन्हा कोरडं. भेग सापडायची नाही. ती का सापडत नाही हे नाशिकमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने त्यावर नाटुकलं लिहिलं.

'टाक्याचा डॉक्टर' असं त्याचं नाव. वर्धापनदिनाला केलं. भाऊसाहेब मीच झालो होतो. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात चुन्याची डबी, टाकं म्हणून कपडे धुवायचा टब. "केव्हापासून गळतंय? जिभेवर कातळ येतो का?" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. खरे भाऊसाहेब पहिल्या रांगेत बसले होते, तेही हसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "छान झालं. फक्त चुना डबीत नेत नाहीत, ओल धरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायचा."

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला आणि त्यांचं जाणं थांबलं.

गेल्या महिन्यात मी स्मरणिकेसाठी त्यांचा फोटो मागायला गेलो. ते खाटेवर बसले होते, मांडीवर वही. "बरं झालं आलात, बँकवाले. मीही थोडं लिहितोय. हेडसरांची जाहीर क्षमा मागायचीय. नऊ वर्षं राहून गेलं." त्यांनी एक कागद दाखवला. आरेखकाचं सुवाच्य अक्षर, एक ओळही तिरकी नाही. "तेवढा एक आकडा मिळाला की टाक्याचं टिपण पुरं होतं. तुम्ही त्या माघात पाहिलंत तेव्हा पाणी कितव्या पायरीला होतं? आठवून बघा. अंदाजे चालेल."

पाऊण ग्रॅमवर भांडणारा माणूस मला 'अंदाजे चालेल' म्हणत होता.

"तिसऱ्या," मी म्हणालो. अगदी सहज आलं तोंडात.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी 'पाहिलं'च्या रकान्यात, माझ्या सहीखाली, सावकाश 'ति' काढला. पुढचं अक्षर सुरू करण्याआधी पेन जरा वर उचललं.

"थांबा," मी म्हणालो. "मी वर गेलोच नव्हतो."

"कुठं?"

"टाक्यावर. मी खाली हॉटेलात बसलो होतो. मॅच होती."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"मग पाणी आहे असं?"

"हॉटेलवाला म्हणाला. त्याने दसऱ्याला पाहिलेलं."

"बाटली?"

"त्याच्या रांजणातली."

"तळाशी गाळ होता."

"मी टाकला होता."

त्यांनी वहीतल्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. "मी कातळाची चव म्हणालो होतो."

"हो."

"हसला असाल."

"जिन्यात."

त्यांनी मान हलवली, जणू ठिकाण टिपून घेतलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, उजळला. "म्हणजे टाकं फुटलेलं नाही! पौषात आटतं, दरवर्षीच आटतं. तरीच नीळ कुठं उतरत नव्हती!" ते वहिनींकडे वळले. "अहो, भेग नव्हतीच."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, एक कप भाऊसाहेबांपुढे सरकवला, आणि दुसरा, जो माझा होता, तो उचलला. "भाऊजी, सहा वर्षं हे त्या डोंगरावर चढले. परत आले की मी गुडघ्यांना तेल लावायची. तुम्ही यायचात, समोर बसायचात, चहा प्यायचात." त्या कप घेऊन आत गेल्या.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचा उजेड तोवर गेला होता. त्यांनी पट्टी लावून माझी सही आणि तो 'ति' एका रेघेत खोडला. शेजारच्या 'ऐकलं'च्या रकान्यात लिहिलं: 'हॉटेलवाला. दसऱ्याचं पाणी.' वही माझ्यापुढे धरली. "सही करा." मी केली. मग तो क्षमेचा कागद माझ्याकडे सरकवला.

"मजकूर ठीक आहे. नाव तेवढं बदला."

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "लेखात किल्ल्याचं नाव घालू नका. घातलंत तर पोरं तेवढं वाचून जातील वर. ज्याला जायचंय त्याने माघात स्वतः बघून यावं."

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांकडे गेलो. त्यांच्या उशाशी रेघा आखलेला पाण्याचा पेला असतो. भाऊसाहेबांचं नाव खोडून त्याखाली मी माझं घातलं होतं. हेडसरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"अक्षर भाऊसाहेबांचं."

"हो."

"नाव तुमचं."

"हो, सर. म्हणजे झालं असं की..." आणि मी सगळं सांगितलं.

"माझी अख्खी नोकरी कॉपी पकडण्यात गेली," ते शेवटी म्हणाले. "इतका निगरगट्ट विद्यार्थी नव्हता भेटला. अहो, क्षमासुद्धा दुसऱ्याचं बघून?"

त्यांनी सुनेला कोरा कागद आणायला सांगितला. मी त्यांच्या समोर बसून माझ्या अक्षरात लिहिलं. ते वाचून घडी घालून त्यांनी उशीखाली ठेवलं. "जा आता. दमलो मी." क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही तसं इथे लिहीत नाही.

तर मंडळाच्या दप्तरी एवढी दुरुस्ती व्हावी: मोहिमेच्या आराखड्यात चूक नव्हती. भाऊसाहेबांवरचा ठराव चुकीच्या माणसावर झाला. नाटुकल्याची चित्रफीत कुणाकडे असेल तर पुसून टाकावी. लेखाखाली माझं नाव आहेच.

चिटणीस बाईंनी इथवरचा लेख वाचून फोनवर फक्त "काका..." म्हटलं. मग म्हणाल्या, "भाऊसाहेबांचा पत्ता द्या."

परवा सकाळी भाऊसाहेबांचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिलाच. नमस्कार वगैरे काही नाही.

"बँकवाले, चौथ्या दिवशी माणशी पाच लिटर धरलं तर पिशव्या फार जड होतात. म्हणून तिसरा मुक्काम खाली गावात घेतो आणि धारेवर पहाटे चढवतो. दीड तास वाढतो, पण पाणी विहिरीचं मिळतं."

"कोण जाणार आहे?"

"तुमची ती चिटणीस आणि तिचे सात जण. येत्या माघात सगळी ठिकाणं बघून यायचं, पुढच्या माघात निघायचं. वही घेऊन गेलीय पोरगी, नक्कल करून देते म्हणाली. हेडसर शेवटच्या दिवशी नांदगाव स्टेशनवर थांबणार आहेत. रेल्वेने जातो म्हणाले."

"आणि मी, भाऊसाहेब?"

"तुमचं नाव नाही घातलेलं," ते म्हणाले.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांनीही फोन ठेवला नाही. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला, आणि ते मला पाचव्या दिवसाचं सांगायला लागले.